अर्धा कोयता

शिरसाटांच्या घरात एखादी गोष्ट ठरवायची म्हटलं की आधी ती वस्तीभर होते, मग तिच्यावरून भांडण होतं आणि ठरवायचं तेवढं राहून जातं. मच्छिंद्रचं लग्न असंच दोन वर्षं राहिलं होतं. म्हणून या खेपेला त्यानं हुशारी केली. मुंबईहून निघताना खिशातल्या कागदाबद्दल फक्त बायकोला सांगितलं आणि कुणाजवळ बोलू नकोस म्हणून तीनदा बजावलं. राहीनं ते फक्त सासूला सांगितलं. आणि सासूनं, म्हणजे मुक्ताबाईनं, म्हशीला.

म्हशीला सांगायचं कारण, मुक्ताबाई धाकट्या जावेशी बोलत नव्हती. घर एक, चूल एक, आणि वर्ष झालं दोघींचा अबोला. रतनबाईला काही कळवायचं असलं की मुक्ताबाई गोठ्याच्या दारात उभी राहून मोठ्यानं म्हशीला सांगायची. रतनबाई आत शेण काढता काढता म्हशीलाच उत्तर द्यायची. म्हैस गरीब होती म्हणून निभावलं. तर त्या दिवशी म्हशीला बातमी मिळाली ती अशी: "आमच्या मच्छिंदरला दुसऱ्या इमान कंपनीनं बोलावलंय गं. रविवारी सायेब यायचाय सही घ्यायला." इमान म्हणजे विमान; मच्छिंद्र वैमानिक होता. रतनबाईनं ती बातमी नवऱ्याला दिली. नवरा काकासाहेब, ऊसतोडीचा मुकादम. त्याच्या तोंडात गोष्ट राहिली असती तर तो मुकादम कशाला झाला असता?

खरं तर मच्छिंद्रनं त्या साहेबाला नगरला हॉटेलात भेटायचं ठरवलं होतं. पण मुक्ताबाई म्हणाली, "पाव्हना एवढ्या लांबून येनार आन त्येला च्यावर वाटंला लावतूस? हुरड्याला बोलव." दोन वर्षं दुष्काळानं शिरसाटांच्या वावरात हुरडा भाजायची आगटी पेटली नव्हती. गेल्या वर्षी पाथर्डी तालुक्यात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि जनावरं छावणीत होती. यंदा ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली, कणसं दाण्यानं गच्च भरली, आणि मुक्ताबाईला आल्यागेल्याला बोलवायचा नादच लागला. काकासाहेबसुद्धा कारखान्यावर टोळी फडात सोडून दोन दिवसांसाठी आला होता. इथवर सगळं ठीक होतं. पण हुरडा म्हटला की जैनुद्दीन येणार, हे मच्छिंद्र विसरला.

जैनुद्दीन म्हणजे नगरच्या खाजाभाई सायकलवाल्याचा मुलगा. अकराव्या वर्षापासून, मच्छिंद्रबरोबर नगरच्या शाळेत होता तेव्हापासून, दर हुरड्याला तो एसटीनं हजर. पुढं दोघंही विमान चालवायला शिकले, एकाच कंपनीत लागले. मच्छिंद्र कॅप्टन झाला, जैनुद्दीन अजून को-पायलट होता. आणि मच्छिंद्र ज्याच्यामुळं तीन महिने घरी बसला होता, तो संप या जैनुद्दीनसाठीच चालला होता.

झालं होतं ते असं. एका रात्री दोघांची चौदा तासांची ड्युटी संपली होती, आणि कंपनीनं सांगितलं, आणखी एक फेरी करा. जैनुद्दीन म्हणाला, जाणार नाही. कंपनीनं त्याला कामावरून काढलं. वैमानिकांची संघटना म्हणाली, त्याला परत घेतल्याशिवाय आमच्यातला एकही जण विमानात बसणार नाही. घरी मच्छिंद्रनं एवढंच सांगितलं होतं: "जैनू तापट आहे, माहीतच आहे तुम्हाला." कागद होता तो वायुरथ चार्टर नावाच्या नव्या खासगी कंपनीचा. त्यांना एक कॅप्टन पाहिजे होता. अट एकच. माझा कुठल्याही संघटनेशी संबंध नाही आणि पुढं ठेवणार नाही, असं लिहून खाली सही करायची.

तेव्हा रविवारी सकाळी आगटीभोवती पोत्यांवर मंडळी बसली होती ती अशी बसली होती.

मुक्ताबाई भाजलेलं कणीस दोन्ही हातांत धरून चोळत होती. निखाऱ्यातलं कणीस हातात धरवत नाही, पण तिच्या हातांना आता काही लागत नसे. दाणे परातीत पडत होते. जैनुद्दीनपुढं तिनं हुरडा ठेवला, चटणी ठेवली. गूळ ठेवला नाही.

या पोराला तिनं भाकरी चुरून दूध घालून खायला दिलं होतं. त्याला ताप आला तेव्हा कानिफनाथाचा अंगारा लावला होता आणि मग भीत भीत मेहताबला, त्याच्या आईला, विचारलं होतं, चाललं ना गं? मेहताब म्हणाली होती, "ताप उतरला ना? मग झालं." सख्ख्या बहिणीगत होत्या दोघी. पण आज मुक्ताबाईच्या मनात एकच होतं. ह्याच्या तोंडाळपणापायी माझं पोरगं घरी बसलं.

जैनुद्दीननं पुढ्यात बघितलं. गूळ मागितला नाही.

"मावशी, यंदा दाणा गोड आहे," तो म्हणाला.

"ज्वारी गोड लागती घरात शांतता असली म्हंजी," मुक्ताबाई म्हणाली.

जैनुद्दीन हसला. तो कशालाही हसायचा. पलीकडं रतनबाई गोवऱ्या उकरत गप्प बसली होती. ती वर्षभर गप्पच होती.

राहीचं म्हणणं वेगळंच होतं. राही अकोले तालुक्यातली, राजूरच्या मास्तरांची मुलगी. ती नवऱ्याला बाजूला, ज्वारीच्या कडेला घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सही करायची तर करा, नाही करायची तर नका करू. पण एकदाचं काय ते करा. माझ्यानं आता होत नाही."

"काय होत नाही?"

"तुम्ही घरी असणं होत नाही! अहो, मुंबईहून निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्टोव्ह पेटवायच्या आधी मला यादी वाचून दाखवली. रॉकेल आहे का, आहे. पिन आहे का, आहे. काडेपेटी आहे का, आहे. पिन्या शाळेला निघाला तर त्याला दारात थांबवून विचारता, डबा, पाटी, रुमाल. पोरगं शाळेत रोज उशिरा जातंय."

"यादी केली की चूक होत नाही."

"चूक होऊ द्या! माणसाच्या घरात चूक होते." मग ती थांबली, आणि तिचा आवाज खाली आला. "जैनूभावजींना सांगितलंत का?"

"नाही."

"ते इथं बसलेत आणि तो माणूस सही घ्यायला येतोय! कमाल आहे तुमची. विमान कसं चालवता हो तुम्ही?"

मच्छिंद्र वर बघत होता. वर काही नव्हतं, निळं आभाळ होतं. तीन महिने तो असाच वर बघत होता. त्याला उडायचं होतं. घरखर्च, पोराची शाळा हे सगळं होतंच, पण ते नसतं तरी उडायचंच होतं. कुठल्याही कंपनीचं असो, विमान पाहिजे होतं. आणि ते वाटलं की लगेच त्याला जैनुद्दीनचं तोंड दिसायचं, आणि त्याला स्वतःची लाज वाटायची. मग तो घरी येऊन स्टोव्हची यादी करायचा.

एवढ्यात जीप आली.

वायुरथचे बत्रासाहेब पूर्वी स्वतः विमान चालवायचे. आता विमान चालवणारी माणसं गोळा करायचे. गोरेपान, पोट सुटलेले, अंगात कोट. वावरातल्या ढेकळांतून ते बूट सांभाळत आले आणि पोत्यावर बसताना त्यांनी "वाह, क्या बात है" असं म्हटलं. तोवर त्यांना जैनुद्दीन दिसला नव्हता. दिसल्यावर ते म्हणाले, "अरे! आप भी?"

"मी हुरड्याला आलोय," जैनुद्दीन म्हणाला. "तुम्ही?"

बत्रासाहेबांनी मच्छिंद्रकडं बघितलं. मच्छिंद्रनं आगटीकडं बघितलं. आणि काकासाहेबानं ही अडचण एका दमात सोडवली. "आमच्या मच्छिंदरला न्यायला आल्यात सायेब. त्येंच्या इमानावर. कागद आनलाय."

जैनुद्दीनच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. फार वेळ नाही. मग तो दाणे तोंडात टाकत म्हणाला, "चांगलंय की."

काकासाहेबाला मात्र साहेब फार आवडला. माणसं गोळा करायला गावोगाव हिंडतो, जीप आहे, खिशात कागद आहे, म्हणजे हा तर आपल्याच धंद्यातला! त्यानं फेटा सारखा केला आणि साहेबाच्या पोत्याला पोतं लावून बसला. मुक्ताबाईनं, "भावजी, तुमचं काय काम त्यात?" म्हणून बघितलं, पण काकासाहेब सुटला होता.

"सायेब, सही-बिही मागनं. आधी बोलनी. तुमच्या एका इमानात मानसं किती?"

"पॅसेंजर? अठ्ठावीस."

"बसनारी सोडा. चालवनारी."

"चालवणारे दोन. कॅप्टन आणि को-पायलट."

काकासाहेबानं मांडीवर थाप मारली. "म्हंजी एक कोयता!"

बत्रासाहेब घाबरून मच्छिंद्रकडं बघायला लागले. मच्छिंद्रनं समजावून सांगितलं की ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता.

"अच्छा, अच्छा. मग हो, एक कोयता."

"मग मच्छिंदरचा जोडीदार कोन?" काकासाहेबानं विचारलं.

"को-पायलट हम देंगे. नवा पोरगा आहे, दिल्लीचा."

"ह्येला वळखतो?"

"ओळखेल ना, काका. काम करता करता."

"म्हंजी तुमी अर्धा कोयता न्यायला आलाय." काकासाहेबाचा चेहरा पडला. फडावर अर्ध्या कोयत्याला कोण विचारतं? मुकादमकीच्या बावीस वर्षांत त्यानं अर्धा कोयता कुणाला दिला नव्हता, आणि इथं तर सख्खा पुतण्या. "न्हाई सायेब. ही आमच्या घरान्याला कमीपना आननारी गोष्ट झाली. जोडी हाय ती जोडीनं न्या. जोडीदार हा काय, हितंच बसलाय, हुरडा खातोय."

"यांना नाही घेता येत," बत्रासाहेब हळूच म्हणाले. "यांचं जरा... नाव झालंय."

"मग टोळीच उचला! मच्छिंदर, तुझ्या संघटनेत मानसं किती रं?"

"काका, अहो तसं नसतं..."

"किती ते सांग."

"दोनशे तीस."

"दोनशे तीस! एकशे पंधरा कोयते!" काकासाहेब उभाच राहिला. त्याची स्वतःची टोळी वीस कोयत्यांची होती आणि तेवढ्यावर तो तालुक्यात मान वर करून फिरायचा. "सायेब, समदे घ्या. मी देतो. बाया बी असतील तर बाया बी देतो. मुकादम मी राहीन. कारखाना कुठं हाय तुमचा?"

"काका, माझ्याकडे हवाई जहाज दोन आहेत."

"मग आनखी घ्या की!"

राहीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. जैनुद्दीन तर मागं पडून हसत होता. बत्रासाहेबांना घाम आला. त्यांनी कोट काढला आणि शेवटी स्पष्ट सांगून टाकलं, "काका, मला टोळी नकोच आहे. शर्तच ती आहे. टोळी सोडून येणारा माणूस पाहिजे."

काकासाहेब हळूहळू खाली बसला. त्याला नीट ऐकू आलं का याची त्याला शंका होती.

"टोळी सोडून आलेला? मुद्दाम?"

"हां."

"सायेब, तुमी धंद्यात नवं हाय का? टोळी सोडून पळालेला मानूस आमी फुकट बी घेत न्हाई. आज त्येंची सोडून तुमच्याकडं आला, उंद्या निम्म्या फडातनं तुमची सोडून जाईल. तुमी वर आभाळात असताना गेला म्हंजी? खाली तर उतरता येनार न्हाई."

"म्हणून तर कागदावर सही घेतो," बत्रासाहेब म्हणाले, आणि घड्याळ बघितलं. "कॅप्टन साहेब, मला तीन वाजता पुण्यात दुसरा माणूस भेटायचाय. तुम्ही नाही तर तो. आता सांगा."

आता कुणी हसत नव्हतं.

मुक्ताबाईनं परात बाजूला सारली. "कर बाबा सही," ती म्हणाली. "तुझी लेकरं हायेत. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

हे मुक्ताबाई म्हणाली बरं का! जिनं गेल्या उन्हाळ्यात खडीच्या कामावर चाळीस बायांना हातोड्या खाली ठेवायला लावल्या, तीच मुक्ताबाई. आई झाली की माणूस असं होतं, त्याला इलाज नाही.

मच्छिंद्रनं जैनुद्दीनकडं बघितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तू सांग."

"मी काय सांगू? कर सही," जैनुद्दीन म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणाला, हेच वाईट होतं. "खरंच कर. संप आणखी किती दिवस टिकेल, कुणाला ठाऊक? दोघांपैकी एक तरी उडू दे. मी रागावणार नाही."

तेवढ्यात रतनबाई बोलली.

सवयीनं तिनं आधी आजूबाजूला म्हैस शोधली. वावरात म्हैस कुठली असणार? मग तिला सरळ माणसांकडं बघूनच बोलावं लागलं.

"मच्छिंदर, नगं करू."

सगळे तिच्याकडं वळले. पहिल्यांदा तिचा नवरा.

"मी केलं हुतं," ती म्हणाली. हातातल्या काठीनं राख उकरत होती. "खडीच्या कामावर कारकून माप खोटं धरायचा. समद्या बाया बसल्या. मी एकलीच फोडीत हुते, दोन दिस. घरात लेक बाळंत झाल्याली, ह्येंना त्या साली टोळी न्हवती. तिसऱ्या दिशी कारकून वाकला. माप सरळ झालं. मला बी त्याच मापानं मिळालं, कुनी कमी दिलं न्हाई. कुनी शिवी बी दिली न्हाई मला."

"मग काय झालं?" बत्रासाहेबांनी विचारलं. ते आता सगळं विसरून ऐकत होते.

"काई झालं न्हाई, सायेब. मी जाऊन बसले की शेजारची बाई उठून पलीकडं बसायची. बस, एवढंच. पान्याची घागर डोक्यावर घिऊन आले तर उतरून घ्यायला कुनी हात लावायचं न्हाई. भरली घागर एकलीनं उतरून बघा कवा. निम्मं पानी अंगावर सांडतं. रोज वल्ली हून घरी यायचे, आन वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." तिनं काठी टाकली. "पोट भरलं. पोटाचं काय, ते भरतंच."

काकासाहेबाला हे माहीत नव्हतं. बायको ओली होऊन का येते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो फेट्याचं टोक चाचपत बसला.

मुक्ताबाई म्हणाली, "म्या बी हात लावला न्हाई." आवाज तिचा नेहमीसारखा नव्हता. "म्या तर तुज्या पुढनं घागर घिऊन गेले, रतन."

"व्हय आक्का. बघितलं की."

बत्रासाहेबांनी खिशातून कागद काढून मांडीवर पसरला, त्यावर आपलं फौंटन पेन ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त तीनच्या आत पुण्याला पोचायचं होतं.

मच्छिंद्रनं पेन उचललं.

सही करू दे असं राहीला वाटत होतं, आणि केली तर मी याच्याकडं कशी बघू, असंही वाटत होतं.

मच्छिंद्रनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला.

"कॅप्टन साहेब, सही दुसऱ्या बाजूला आहे," बत्रासाहेब म्हणाले.

"माहीत आहे. मला हीच बाजू पाहिजे." तो लिहिता लिहिता बोलत होता, मान खाली घालूनच, म्हणून बोलू शकला. "आई, त्या रात्री जैनू तापला नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या रात्री मला रनवेचे दिवे दोन-दोन दिसत होते. मी त्याला म्हणालो, जैनू, माझ्यानं आता होणार नाही. मी म्हणालो, तो नाही. मग कंपनीचा साहेब दारात आला. म्हणाला, कॅप्टन, निघताय ना? कॅप्टन मी होतो. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. माझ्यासाठी तो बोलला. चौकशीत त्यानं लिहून दिलं, नकार माझा एकट्याचा होता. आणि मी ते तसंच राहू दिलं."

आगटीतल्या गोवऱ्या तडतडल्या. जैनुद्दीन आता हसत नव्हता.

मुक्ताबाई मुलाकडं बघत राहिली. त्याला लहानपणी मारायची तसं मारावं, असं तिच्या मनात आलं. चौतीस वर्षांचा होता म्हणून राहिलं. "आन म्या ह्या लेकराला बोल लावला," ती म्हणाली. "तीन म्हैने! तोंड हाय का तुला मच्छिंदर?"

"नव्हतं," मच्छिंद्र म्हणाला.

"हे कंपनीला गेलं तर तुमचं लायसन पण अडकेल," बत्रासाहेब म्हणाले. धमकी नव्हती, खरंच सांगत होते. "फिर मैं भी नहीं ले सकता. कोणीच नाही घेणार."

"म्हणजे अजून घरी?" राहीनं विचारलं.

"अजून. किती ते माहीत नाही."

राहीनं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांसमोर स्टोव्ह, पिन, काडेपेटी सगळं येऊन गेलं. "लिहा," ती म्हणाली. "पण अक्षर नीट काढा. तुमचं लिहिलेलं दूधवाल्यालासुद्धा लागत नाही."

लिहून झालं. त्यानं सही केली आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. नकार कॅप्टनचा, म्हणजे माझा होता, को-पायलटनं तो फक्त बोलून दाखवला.

"साक्षीदार?" मुक्ताबाईनं विचारलं.

"याला साक्षीदार लागत नाहीत, आई."

"लागत न्हाईत कसे? तलाठ्याला लागत्यात, सोसायटीला लागत्यात, आन एवढ्या मोठ्या इमान कंपनीला लागत न्हाईत? कोन खरं मानंल तुजं? आन इकडं. मी आंगठा देते."

"मी बी देते," रतनबाई म्हणाली.

"मी थोरली हाय."

"थोरल्या हाय पन आक्का, सांगितलं म्याच ना त्येला?"

काकासाहेबाला वाटलं, झालं, आता हे दुपारपर्यंत चालणार. अंगठ्याला लावायला शाईचं पॅड नव्हतं. बत्रासाहेबांनी, कुणास ठाऊक का, आपलं पेन उघडून रतनबाईच्या अंगठ्यावर दोन थेंब शाई सोडली. कदाचित घागरीची गोष्ट त्यांच्या मनातून गेली नसावी. मुक्ताबाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि जावेचा हात मनगटाशी धरून कागदावर नीट टेकवला. "हलवू नगं. फरकाटा उठतोय," ती म्हणाली. मग तिनं स्वतःचा अंगठा पुढं केला.

काकासाहेबानं बत्रासाहेबांना जीपपर्यंत पोचवलं. बरोबर पिशवीभर कणसं दिली. वाटेत तो सांगतच होता की पुण्याचा माणूस घेतला तरी जोडीनं घ्या, अर्धा घेऊ नका, पस्तावाल. बत्रासाहेब म्हणत होते, हां काका, हां काका. जीप धुरळा उडवत गेली.

आगटीपाशी मच्छिंद्रनं कागद जैनुद्दीनच्या हातात दिला. जैनुद्दीननं तो वाचला. परत पहिल्यापासून वाचला. दोन अंगठे वाळले नव्हते, त्यावर तो फुंकर घालत होता.

"टपालात टाकू की तू स्वतः नेतोस?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मी नेतो. आधी घरी अम्मीला दाखवतो." त्यानं कागद घडी न करता तसाच दोन्ही हातांत धरला. "रोज विचारते रे ती, कंपनीचं उत्तर आलं का म्हणून. मी तिला पहिल्याच दिवशी सांगून बसलोय, मच्छिंदरनं खरं लिहून दिलंय."